नकाशावरचा एक ठिपका

"बाबा, आपण खरे क्रानेझीक नाहीच आहोत, हो ना?"

विबकेने एका दमात विचारून टाकलं. जेवणाच्या टेबलावर, बाबांच्या तोंडावर विचारून दाखव, अशी तिच्या वर्गमैत्रिणीने, फेन्याने शाळेत पैज लावली होती. आणि विबके पैज हरणाऱ्यातली नव्हती.

पाव कापणारा आईचा हात थांबला. बाबांनी लोण्याचं भांडं उगाचच पुढे सरकवलं. ते नुकतेच गोठ्यातून आले होते. मंगळवारी शेवटच्या अकरा गाई गाडीत चढल्या, तरी बाबा रोज संध्याकाळी पाच वाजता गोठ्यात जात, दिवा लावून जरा वेळ उभे राहत आणि दिवा मालवून परत येत.

"कोण म्हणतं असं?"

"म्हणायला कशाला पाहिजे कोणी? चर्चच्या वहीत आहे. आडनावांचा प्रकल्प आहे ना आमचा, पाद्रीबाईंनी जुनी वही दाखवली. खापरपणजोबांचं लग्नाआधीचं नाव हाइनरिश मायर! मायर, बाबा! फेन्या मायर हसून हसून बाकाखाली गेली. 'ये गं ये, आमच्यातलीच निघालीस,' म्हणाली."

त्याआधीचा तास विबकेने गाजवला होता. वर्गाच्या बाईंनी भिंतीवर जर्मनीचा नकाशा टाकला होता आणि एकेकाच्या आडनावाचे लाल ठिपके उमटवून दाखवले होते. मायरांचा नकाशा गोवर आल्यासारखा नखशिखांत लाल झाला. मग बाईंनी क्रानेझीक लिहिलं. सगळा देश पांढरा, आणि एका जागी एकच ठिपका. माणसं तीन. सगळा वर्ग तिच्याकडे वळला तेव्हा विबकेने उभं राहून राणीसारखी मान झुकवली होती.

बाबा हसले. मंगळवारनंतर पहिल्यांदाच.

"अगं वेडे, मायरच होते ते! हे नाव माणसाचं नाहीच मुळी, या जागेचं आहे. खालच्या पाणथळ खळग्यात क्रौंच उतरायचे, म्हणून जुन्या बोलीत जागा क्रानेझीक, क्रौंचांचा खळगा. इथली चूल जो सांभाळील तो क्रानेझीक. त्या वेळी घरात एकटी मुलगी, मिना. तिच्याशी लग्न करायला हाइनरिश खांद्यावर पेटी टाकून आला. मोठ्या दाराबाहेर मायर, दाराच्या आत क्रानेझीक."

"दार ओलांडलं की झालं?"

"झालं. आणि रक्ताचं म्हणशील तर मिनाचा बापही बाहेरूनच आलेला."

"भारीच की!" विबकेने टाळी वाजवली. उद्या फेन्याचं तोंड कसं बंद करायचं ते तिने मनातल्या मनात ठरवूनही टाकलं. पावावर चीजचा मोठा तुकडा ठेवून, तोंड भरलेलं असतानाच तिने विचारलं, "मग घर सोडून जायचे ते? नाव न्यायचे बरोबर?"

"छे! हाइनरिशचा धाकटा लेक पलीकडच्या शेतावर घरजावई म्हणून गेला, तो तिथल्या नावाचा झाला. नाव इथेच ठेवून जायचं. जाताना दुसऱ्याचा कोट खुंटीला परत अडकवतो ना आपण, तसं..."

बाबांनी हातातला पाव ताटात ठेवला.

उद्या दहा वाजता विक्रीच्या कागदांवर सही करायला नोटरीकडे जायचं होतं. शेत, गोठा, घर, सगळं वाळूच्या खाणवाल्यांना. फक्त मोठ्या दाराची तुळई संग्रहालयात जाणार होती. त्या तुळईवर हाइनरिश आणि मिना क्रानेझीक अशी दोन नावं कोरलेली होती, आणि कालच संग्रहालयाच्या माणसाने त्यांच्याखाली खडूने नंबर टाकला होता.

महिनाभर बाबा एकच वाक्य म्हणत आले होते. काल खडूवाला गेल्यावरही म्हणाले होते, "जमीन जाते तर जाऊ दे. नाव तर आपलंच आहे ना? ते कोण काढून घेतंय?"

"जुन्या रीती त्या," आई घाईने म्हणाली. "आता कागदावर असतं तेच नाव. कुठेही जा, आपण क्रानेझीकच. सांग ना रे तिला."

टेबलावरचा पावाचा चुरा बाबा तळहाताने एका जागी गोळा करत राहिले.

"बाबा, आपल्यानंतर इथे येतील ते होतील का क्रानेझीक?"

"इथे कोण येणार, पोरी? वाळू उपसायची तर घर आधी पाडतात."

"आणि तो खळगा?"

"खोदायला तिथूनच सुरुवात."

विबकेचा फोन थरथरला. फेन्या विचारत होती: *विचारलंस का गं? काय म्हणाले?* तिने फोन पालथा घातला. मग ती उठून उभी राहिली. वर्गात उभी राहिली होती, तशीच ताठ.

"मग उद्या तू करशील ती क्रानेझीकांची शेवटची सही. त्यानंतर या दाराबाहेर पडलो की आपण मायर."

"विबके, गप्प बस!" आई म्हणाली. "बाबांकडे बघ जरा."

"बघतेय, आई. बाबांनीच सांगितलं ना, नाव इथेच ठेवून जायचं? माझं ठरलंय. उद्यापासून मी वहीवर मायर लिहिणार. वर्गात चार आहेत. पाचवी मी."