शिडीपर्यंतची बस

माझ्यापाशी उभे आहात ना, मग दांडी घट्ट धरा आणि एक गोष्ट ऐका. विमानापर्यंत पोचेस्तोवर संपते.

जन्म गेला माझा ही बस शिडीपर्यंत नेण्यात. कंबरेचा पार भुगा झाला. म्हणून पोरीला लहानपणापासून एकच सांगत आलो, "काहीही हो बाई, पण ड्रायव्हर होऊ नको."

ती म्हणाली, "मी विमान चालवणार."

म्हटलं, "त्यात काय वेगळं? तिथंही बूड टेकून बसायचं आणि लोकांना पोचवायचं."

हट्टात माझ्यावरच गेलीय. हवाई दलात चष्म्यानं घात केला, तर खाजगी शाळेत जाऊन विमान शिकली. तिकडं चष्मा चालतो म्हणे. त्यावरून आमचं जे बोलणं बंद झालं, ते ती पायलट झाली तरी बंदच. फोन आईला करते. आणि आई मला ऐकवते, "पोरगी पहाटे उठते, कंबर धरून परत येते. बाप शोभता अगदी."

ही बघा आली शिडी. मला बस सोडून खाली उतरता येत नाही, आणि तिला तिची खुर्ची सोडता येत नाही.

 

वर गेलात की डाव्या हाताचं दार उघडं असेल, आत चष्मेवाली बसलीय. तिला तेवढं सांगा, कंबरेमागं उशी घे म्हणावं. आणि कोण म्हणालं विचारलं, तर खाली बसकडं बोट दाखवा.