शिवणीतली माया

आजारपणात माझं अंग उतरत गेलं, तसतसा आई माझा ऑफिसचा निळा ड्रेस दोन्ही बाजूंनी आत घेत गेली. ऑफिसातल्या बायका म्हणायच्या, "काय बारीक झालीस गं! आम्हालाही सांग की, काय खातेस?"

"गोळ्या," मी म्हणायचे. सगळ्या खो खो हसायच्या.

आई घरीच लोकांचे कपडे शिवते. गिऱ्हाइकाचा कपडा आत घेतला की उरलेलं कापड ती लगेच छाटून टाकते. माझ्या ड्रेसला मात्र नुसती टीप मारायची. "माया असू दे आत. अंग भरलं की उसवू."

आज ड्रेस पुन्हा ढगळ झाला. आईनं बाजूला टाचण्या लावल्या, तशी आतल्या कापडाची जाड घडी थेट माझ्या बरगडीवर आली.

"आई, टोचतेय गं माया. काप आता."

टाचण्यांची डबी बंद करत, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "कात्रीला धार नाही गं."

आणि पाठ फिरवून त्याच कात्रीनं शेजारणीच्या पडद्याचं जाडजूड कापड सरसर कापायला लागली.