सावळारामच्या शेजारची जागा

आधी कान आले. कढईला असतात तसे, बाहेर निघालेले दोन कान. मग रुंद कपाळ, मग हसू दाबताना डावीकडं सरकणारं तोंड. चऱ्होलीच्या त्या लॉनवरची पाहुणेमंडळी हळूहळू बोलायची थांबली. स्टेजच्या कडेला स्वप्नाली नावाची एक पोरगी मोठा कॅनव्हास लावून दुपारपासून लग्नाचं चित्र काढत होती आणि तिचा एकेक फटकारा मोठ्या पडद्यावर दिसत होता. मांडव झाला, फुलं झाली, नवरा-नवरी झाले. आता नवरीच्या मागं तिचा बाप उभा राहत होता. सात वर्षांपूर्वी चाकणच्या चौकात कंटेनरखाली गेलेला सावळाराम. माणसं हातात ताट धरून उभी होती आणि घास तोंडात तसाच होता.

कुसुम हे लांबून बघत होती. दागिने आणि आहेर ठेवलेल्या खोलीच्या दारातून. सावळाराम तिचा नवरा. नवरी सुप्रिया तिची पोरगी. आणि तिच्या मुठीत खोलीची किल्ली.

स्टेजवर येऊ नको, असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. असं तोंडावर कुणीच म्हणत नाही. खोलीत विश्वासाचं माणूस पाहिजे, वहिनी, असं दीर ज्योतीराम म्हणाला आणि त्यानं किल्ली हातात ठेवली. विधवेला मांडवातून हाकलायची ही आपली सभ्य रीत. नवऱ्यामागं जिनं कंपनीत वायरी जोडत उभ्यानं शिफ्टा काढल्या, पोरीला इंजिनिअर केलं, ती खोलीत. आणि कन्यादानाला पाटावर ज्योतीराम आणि त्याची बायको अंबूबाई, कारण अंबूबाईच्या कपाळाला कुंकू होतं. त्यापलीकडं त्या पोरीसाठी तिनं काय केलं होतं, ते कुणी विचारलं नाही.

महिन्यापूर्वी सुप्रिया यावरून घरात भांडली होती. कन्यादान आईच करणार म्हणाली. काका ऐकेना, काकी रडली, गाव काय म्हणेल ते निघालं. मग पोरगी एकदम थंड पडली. म्हणाली, ठीक आहे, एक चित्रकार आणते, बाबांना चित्रात तरी उभं करू. सगळ्यांचे डोळे भरले. लगेच हो म्हणाले. मेलेल्या पुरुषाला मांडवात आणायला कुणाचीच हरकत नव्हती. कुसुमला मात्र तेव्हापासून एक गोष्ट सलत होती. पोरीनं बापाला मागून घेतलं आणि आईला सोडून दिलं.

तरी आता तिचे पाय दारातून हलेनात. पडद्यावर डोळे आले. स्वप्नालीनं पांढऱ्या रंगाचा एकच ठिपका दिला आणि सावळारामनं बघितलं. खरंच बघितलं. कुसुमचा हात आपसूक पदराकडं गेला, सावळाराम शिफ्टवरून दारात आला की जायचा तसा. सगळ्या लॉनवर एक खुर्ची वाजत नव्हती. लहान पोरं आयांच्या कडेवर गप्प होती.

मग ब्रश थांबला. सावळारामच्या शेजारी हातभर जागा कोरी राहिली.

"सावळाराम येकटाच का गं उभा?" पहिल्या रांगेतली म्हातारी गोजाबाई म्हणाली.

स्वप्नालीनं सांगितलं, तिथं नवरीची आई यायचीय. अंबूबाईला ते लगेच पटलं. चित्रात काय, कुणीही चालतं. तिनं मोबाइल पुढं केला. ह्यात ताईंचा फोटो हाय, त्यावरनं काढा म्हणाली, मुहूर्त जवळ आलाय.

स्वप्नालीनं ब्रश पाण्यात बुडवून ठेवला.

"गेलेल्या माणसाला मी फोटोवरून काढते, काकू. जिवंत माणसाला नाही. त्यांना इथं उभं करा."

असला कसला नियम, म्हणून अंबूबाई पार खोलीपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली. माझा आहे, म्हणाली स्वप्नाली, आणि हाताची घडी घालून बसली. भटजी घड्याळ बघू लागले. नवऱ्याकडच्यांत कुजबुज सुरू झाली, की नवरीला आई आहे ना, मग आहे कुठं. पडद्यावर ती कोरी जागा हत्तीएवढी दिसत होती. ज्योतीरामनं एकदा तिकडं बघितलं, तर भाऊ थेट त्याच्याकडंच बघत होता. पुन्हा मान वर करायचं त्याचं धाडस झालं नाही. सुप्रिया तेवढी पाटावर खाली मान घालून बसली होती. आत्ताही आईसाठी एक शब्द बोलली नाही.

ज्योतीराम स्टेजवरून उतरला आणि गर्दीतून वाट काढत खोलीपाशी आला.

"वहिनी, चला."

कुसुमनं विचारलं, किल्ली कुणाकडं देऊ. त्यानं हात पुढं केला.

ती स्टेजवर जाऊन उभी राहिली. स्वप्नालीनं तिच्याकडं बघितलं, कॅनव्हासकडं बघितलं, पुन्हा तिच्याकडं. आणि नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून एक बाई पडद्यावर उगवत गेली. शिफ्टांनी खाली उतरलेले खांदे. बोटांवरचे वायरींचे घट्टे. मोकळं कपाळ. स्वप्नालीनं काही झाकलं नाही. एवढ्या मोठ्या पडद्यावर ते मोकळं कपाळ साऱ्या गावानं बघितलं आणि मांडव जागच्या जागी उभा राहिला. गोजाबाईनं हात जोडले. चित्राला जोडले की बाईला, तिचं तिला ठाऊक.

मंगलाष्टका झाल्या. कुसुमनं पोरीच्या डोक्यावर अगदी जवळून अक्षता टाकल्या. मग तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "ती पोरगी लई हट्टी आहे गं. नियम म्हणजे नियम."

सुप्रियानं मान वर केली नाही. मुंडावळ्यांच्या आड हसली.

"कसला नियम, आई. माझ्या मैत्रिणीच्या लग्नात तिनं दुबईतला अख्खा जिवंत भाऊ मोबाइलमधल्या फोटोवरून काढला होता."