स्थळासाठी फोन

गारखेड्यातल्या मोबाइलच्या दुकानात कडूबाईंनी आपल्या लेकाला, प्रणयला, भिंतीशी उभं केलं आणि एकेका फोनमध्ये त्याचा फोटो काढून बघितला. महागड्या फोनात टक्कल आणि मुरमांचे खड्डे अगदी लख्ख दिसले. सगळ्यात स्वस्त फोनात मात्र चेहरा असा धुरकट आला, की टकलावर केस असल्याचा भास व्हावा.

"आई, ह्यात तर माणूस वळखू येत नाय!" प्रणय कुरकुरला.

"म्हणूनच ह्योच घ्यायचा. लई स्थळं घालवली तुझ्या लख्ख फोटोनं!"

त्या धुरकट फोटोवर वैजापूरहून लगेच होकार आला. सोबत मुलीचाही फोटो आला, चेहरा चंद्रासारखा गोल आणि गोरापान.

कार्यक्रमाच्या दिवशी पोह्यांच्या बशा घेऊन आलेल्या मुलीला कडूबाईंनी मायेनं विचारलं, "पोरी, नवरी कुठंय गं?"

"मीच की," ती म्हणाली आणि प्रणयकडं वळली. "काका, नवरदेव मागून येतोय का?"

तेवढ्यात मुलीच्या आईनं हौसेनं फोटो काढायला फोन वर धरला.



माणसं ओळखू आली नव्हती, पण तो फोन कडूबाईंनी लांबूनच ओळखला.