सासूबाईंची हौस

सासूबाई उन्हाळ्यापुरत्या तळ्याकाठच्या घरी राहायला आल्या आणि शिंपीकाम करणाऱ्या जावयाच्या मागे नाव वल्हवायचं लचांड लागलं. रोज सकाळी चहा झाला की बायको म्हणायची, "आईला नावेची भारी हौस आहे हो. एक फेरी मारून आणा." जन्मात कात्रीपेक्षा जड काही न उचललेल्या त्या माणसाच्या तळहातांना फोड आले. सासूबाई समोरच्या फळीवर डोळे गच्च मिटून बसायच्या. त्याला वाटायचं, काय तल्लीन होतात बाई!

आज तळ्याच्या मधोमध त्याचा धीर सुटला. "आई, रागावू नका, पण तुमची ही हौस माझ्या जिवावर उठलीय."

सासूबाईंनी खाडकन डोळे उघडले. "माझी हौस? अहो, पाणी बघूनच माझ्या पोटात गोळा येतो! तुम्हालाच नावेचं वेड आहे, पण एकटे जायला घाबरता, म्हणून सोबत जा, असं तुमच्या बायकोनं सांगितलं मला."

दोघांनी घराकडे पाहिलं. ओसरीतल्या आरामखुर्चीत, कठड्यावर पाय टाकून आणि तोंडावर पुस्तक उपडं घालून बायको गाढ झोपली होती.

"थांबा, आता बघतोच तिला!" त्यानं तावातावानं नाव वळवली.

सासूबाईंनी वल्हं धरलं. "राहू द्या हो, जावईबापू. माझ्या सासूला आणि नवऱ्याला मीही रोज असंच टेकडीवर पाठवायचे."

मग त्यांनी दोन्ही हातांनी फळी पकडली आणि डोळे मिटले. "मारा आणखी एक फेरी."