बिनफीची केस

दुसरबीडच्या अर्जुनरावाची थोरल्या भावाविरुद्धची विहिरीची केस वकीलसाहेबांनी पाच वर्षं एक पैसाही न घेता लढवली. गरिबांचा वकील म्हणून तालुकाभर डंका वाजला आणि बासष्टला साहेब आमदार झाले.

साहेबांचे मुन्शी उकंडराव दप्तर आवरत असताना अर्जुनरावानं त्यांच्या तोंडात पेढा कोंबला. "भाऊ मेला, तरी त्याच्या दारात पाय नाई ठेवला म्या. साहेब पाठीशी होते म्हून टिकलो, मुन्शीजी!"

तेवढ्यात केसच्या कागदांतून त्याच भावाचं, पहिल्याच वर्षीचं पत्र उकंडरावांच्या हाती लागलं. 'साहेब, अर्जुनले सांगा, विहीर त्यालेच देतो. पोळ्याले दोघायचे बैल एका तोरणाखाली उभे करू.' तोंडातला पेढा त्यांना शेणासारखा लागला.

 

खाली साहेबांच्या अक्षरात शेरा होता: 'पक्षकारास दाखवू नये.'