निळ्या दाराचं पान

पहिला नंबर आला तर रामलिंग सरांना रोजचे चार तास परत मिळणार होते. सकाळी लातूरहून निलंगा एक एसटी, निलंग्याहून या सीमेवरच्या गावाला दुसरी, आणि संध्याकाळी तेच उलटं. नऊ वर्षं झाली. मणक्याची दोन हाडं शासनाच्या सेवेत झिजली. ज्या शाळेचं हस्तलिखित पहिलं येईल, तिथल्या गुरुजींना लातूरच्या प्रशिक्षण केंद्रावर घेणार, असं पत्रच निघालं होतं. अट एकच. चौथीच्या प्रत्येक मुलाचं एक पान, आणि तेही त्यानं स्वतःच्या मनानं लिहिलेलं.

वर्गात मुलं तेवीस. सरांनी बावीस पानं एसटीत लिहिली, मांडीवर वही ठेवून. मुलांनी ती आपापल्या अक्षरात उतरवली. सर काही कच्चे खेळाडू नव्हते. दर पानात तीन चुका, एक खाडाखोड आणि शेवटी 'मला माझी शाळा खूप खूप आवडते' हे वाक्य, असं सगळं त्यांनी मापानं घातलं होतं. तेविसाव्या पानापाशी मात्र त्यांचा दम संपला.

"लुंबिनी, तुझं तूच लिही गं," ते म्हणाले.

लुंबिनीनं लिहिलं. सरांनी न वाचताच ते पान बाकीच्यांत टाचलं.

आता परीक्षक सुकन्या मॅडम खुर्चीत बसून नेमक्या त्याच पानावर नख आपटत होत्या.

"सर, मला शेंडी लावता व्हय? वीस वर्षं लेकरंच शिकवायलेय मी. ही बावीस पानं लेकरांची हायत, बघताच कळतं. हे एक तेवढं तुमचं."

सरांनी पान हातात घेतलं आणि पहिल्यांदाच वाचलं.

'आमच्या घराचं दार निळं आहे. बाबांनी रंगवलं. आई कामाला जाते तेव्हा अंधार असतो. परत येते तेव्हाही अंधार असतो. चौदा एप्रिलला आई घरी होती. दाराकडं बघून म्हणाली, अगं बया, निळं हाय व्हय हे?'

सरांनी ते दोनदा वाचलं. नऊ वर्षांत या वर्गातून असं पान निघालं नव्हतं. 'हे तिचंच आहे,' एवढंच म्हणायचं होतं. पण म्हटलं की मॅडम वर्गाला विचारणार, आणि वर्ग उरलेल्या बावीस पानांचंही खरं सांगून टाकणार. एक पान उभं करायचं तर बावीस आडवी पडत होती. बाहेर रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला. सरांची कंबर ठणकली.

"चुकलं माझं, मॅडम," सर म्हणाले.

मॅडम मनानं चांगल्या होत्या. "जाऊ द्या. हे काढा आणि त्या पोरीकडून आत्ताच्या आत्ता दुसरं लिहून घ्या. बाकी नंबर तुमचाच हाय म्हणून समजा."

सर मागच्या रांगेत लुंबिनीशेजारी बसले. "दुसरं लिही, बाळा."

"ह्यात काय चुकलं, सर?"

"चुकलं न्हाई. लेकरावानी न्हाई झालं."

"लेकरावानी म्हंजे कसं?"

सरांनी हस्तलिखित तिच्यापुढं सरकवलं. तिनं समीक्षाचं पान वाचलं, अश्वजितचं वाचलं, आणखी दोन चाळली. मग पाच मिनिटांत कागद भरला. मध्येच एक शब्द लिहून नीट खोडला. शेवटी लिहिलं, 'मला माझी शाळा खूप खूप आवडते.'

मॅडमनी वाचलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. "बघा सर! लेकरानं स्वतःच्या मनानं लिहिलं की कसं गोड होतं!"

त्या दिवशी ज्याला त्याला आपलं मिळालं. शाळेला पहिला नंबर, सरांना लातूर, मॅडमना लेकराचं पान. निळं दार तेवढं घडी होऊन लुंबिनीच्या दप्तरातून घरी गेलं. आई अजून यायची होती. अंधार पडला नव्हता.